मला सगळं ऐकू येत होतं

हे मी बोलून लिहिते आहे. पलंगाला एक क्लिप लावली आहे, तिच्यात फोन अडकवतात. मी बोलते आणि तो टाइप करतो. बोटांना ते अजून जमत नाही. जमेल असं मला आता वाटतही नाही, पण त्याबद्दल पुढे सांगते.

माझं नाव शुभांगी. लग्नानंतर आम्ही वीसेक वर्षं मस्कतला काढली. माझा नवरा मिलिंद तिथे एका बांधकाम कंपनीत आहे, मी घरी गणिताच्या शिकवण्या घ्यायची. रेवा, आमची एकुलती एक मुलगी, तिथेच वाढली. तिच्या कॉलेजच्या अ‍ॅडमिशनसाठी आम्ही दोघी ऐन पावसाळ्यात काशीला गेलो. तिथे मला जीबीएस हा नसांचा आजार झाला. हे नाव आता मराठी वर्तमानपत्रांतून बऱ्याच लोकांना माहीत झालं आहे. तेव्हा मी ते ऐकलंही नव्हतं.

मी आयसीयूत होते तेव्हा रेवा मला फोनवरून बऱ्या झालेल्या लोकांच्या गोष्टी वाचून दाखवायची. त्या सगळ्यांत माणूस शेवटी स्वतःच्या पायांनी घरी जायचा. मला त्या गोष्टींचा भयंकर राग यायचा, आणि राग आलाय हे सांगायचीही सोय नव्हती. म्हणून माझी गोष्ट जशी झाली तशीच सांगते. ज्यांना आज फक्त धीर हवा आहे त्यांनी ही नंतर कधीतरी वाचावी.

मैदागिन ते मंगला गौरी

रेवा तबला वाजवते. मस्कतला एक बनारसी गुरुजी होते, त्यांच्याकडे ती लहानपणापासून शिकली. शिकायचं तर बनारसलाच, हे तिने दहावीतच ठरवून टाकलं होतं. मिलिंदला ते मान्य नव्हतं. "पुण्यात काय तबले मिळत नाहीत का?" असं तो म्हणायचा. मी रेवाच्या बाजूची होते. सरावाला बसली की त्या मुलीचा चेहरा बदलायचा. तो मी रोज बघत होते, मिलिंद ऑफिसात असायचा.

विमान बराच वेळ ढगांत घिरट्या घालून उतरलं. बाहेर आलो तर पाऊस असा की टॅक्सीवाल्याला समोरचं दिसेना. मैदागिनच्या चौकात त्याने आम्हाला चक्क उतरवूनच टाकलं. "इसके आगे गाड़ी नहीं जाएगी, मैडम." दोन मोठ्या बॅगा, रेवाचा तबला आणि डग्गा, माझ्या खांद्यावर तिच्या सगळ्या सर्टिफिकेटांची पिशवी. आणि रस्त्यावर घोट्यापर्यंत पाणी, त्या पाण्यात काय काय होतं ते न बघितलेलं बरं.

मिलिंदच्या एका सहकाऱ्याचे नातेवाईक मंगला गौरीच्या देवळापाशी राहतात. कित्येक पिढ्यांपूर्वी कोकणातून काशीला गेलेलं घराणं. दिनकरराव एका शाळेत संस्कृत शिकवतात, उषावहिनी घर सांभाळतात. वरची एक खोली त्यांनी आमच्यासाठी मोकळी केली होती. दिनकरराव स्वतः आम्हाला घ्यायला आले. धोतराचा सोगा कमरेला खोचलेला, हातात तीन छत्र्या.

"या ताई, या! सांभाळून. इथे काई जमलीय, पाय फिसलतो," ते म्हणाले. "आणि गाय आली तर तुम्ही दीवारीला लागायचं. ती नाही हटणार."

रेवाने आपला रेनकोट काढून तबल्याला गुंडाळला आणि स्वतः भिजत चालली. गल्ल्या इतक्या अरुंद की दोघांना शेजारून चालता येईना. वरून पागोळ्या, खालून पाणी, मधूनच एखादी मोटारसायकल. घरी पोचलो तेव्हा सर्टिफिकेटांची पिशवी आतून ओली झाली होती. उषावहिनींनी एकेक कागद पंख्याखाली पाटावर पसरला. तेवढ्यात लाइट गेली. मग त्या पुठ्ठ्याने वारा घालत बसल्या. रेवाला इतकं हसू आलं की ती जमिनीवरच बसली. "आई, मला इथे खूप आवडलंय," ती म्हणाली. आम्हाला येऊन तासही झाला नव्हता.

आधीचे दिवस

पहिले दिवस नुसते गोंधळाचे गेले. विद्यापीठ शहराच्या दुसऱ्या टोकाला. ई-रिक्षा अर्ध्यात बंद पडायच्या, मग आम्ही पाण्यातून ढकलायला उतरायचो. ऑफिसात कधी सर्व्हर नाही, कधी साहेब नाहीत. हॉस्टेलच्या खोल्यांची यादी उद्या, परत उद्या. संध्याकाळी चिंब होऊन परत आलो की दिनकरराव दारातच गंगेची बातमी द्यायचे. "पंचगंगा घाटाच्या सीढ्या गेल्या सगळ्या. नावा बंद झाल्या. आता पाणी अजून बढणार."

एके दिवशी ते आम्हाला दाखवायला घेऊन गेले. घाट नव्हताच. गल्ली उतरत उतरत गेली आणि तपकिरी पाण्यात बुडाली. ते पाणी जोराने वाहत होतं आणि त्याला आवाज नव्हता. वरती आलमगीर मशीद, खाली एका देवळाचा नुसता कळस. मला भीती वाटली. रेवाने फोटो काढून बाबांना पाठवला. त्याने उत्तर पाठवलं, "परत या."

आम्ही काय काय खाल्लं याचा पुढे फार हिशेब झाला. म्हणून सांगते, आम्ही सगळंच खाल्लं. मातीच्या कुल्हडमधला चहा, लस्सी, कचोरी, चौकातली टमाटर चाट. चाटचा हट्ट रेवाचा होता, लस्सीचा माझा. चारेक दिवसांत दोघींची पोटं बिघडली. रेवा दुसऱ्या दिवशी उठून बसली. मी आठवडाभर झोपून होते. उषावहिनी मऊ खिचडी करून वर आणून द्यायच्या. "दही नको आत्ता, पेट ठीक होऊ दे," म्हणायच्या.

मग मी बरी झाले. अगदी पूर्ण. यादीत रेवाचं नाव लागलं, हॉस्टेलची खोली पुढच्या सोमवारी मिळणार होती. उषावहिनी आम्हाला संकठा देवीला घेऊन गेल्या. परत येताना रेवा मागून ओरडली, "आई! तुझी चप्पल मागे राहिली."

मी खाली बघितलं. उजवा पाय अनवाणी होता. चप्पल दहा-बारा पावलं मागे, चिखलात. पायातून ती केव्हा गेली ते मला कळलंच नव्हतं.

"ओली होती ना, निसटली," मी म्हटलं. आम्ही हसलो.

खुर्ची

दुसऱ्या दिवशी तळपायांना मुंग्या आल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी संडासात बसले ती उठताच येईना. दाराची कडी धरून कशीबशी उठले. गल्लीतल्या डॉक्टरांनी तपासलं, जुलाबांमुळे अशक्तपणा आलाय म्हणाले, सलाइन लावलं. त्यांचा दोष मी धरत नाही. त्यांच्या जागी कुणीही तेच म्हटलं असतं.

संध्याकाळी जिना उतरताना गुडघे दुमडले आणि मी चार पायऱ्या घसरत खाली आले. दुखलं काहीच नाही. तेच वाईट होतं. रेवाने मला बसतं केलं, हात धरून उठवायला लागली, आणि मी तिचा हात धरू शकत नव्हते. बोटं मिटतच नव्हती.

दिनकरराव एका नजरेत ओळखून चुकले. "हे कमजोरीचं नाही," एवढंच म्हणाले आणि शेजारी हाका मारायला धावले. गल्लीत स्ट्रेचर येत नाही, अ‍ॅम्ब्युलन्स तर नाहीच. लाकडी खुर्ची आणली, मला तिच्यात बसवून उषावहिनींच्या साडीने छातीशी आणि कमरेशी बांधलं. शेजारच्या चौघांनी खुर्ची उचलली. पाऊस सुरूच होता. रेवा माझ्या डोक्यावर छत्री धरायचा प्रयत्न करत होती, पण गल्लीत छत्री मावत नव्हती.

चौखंबा मोहल्ल्याच्या पुढे समोरून एक मयत आलं. दोन्ही बाजूंना भिंती. पुढे एक जण ओरडत होता, "राम नाम सत्य है," आणि मागचे साथ देत होते. आमचे लोक थांबले. तेही थांबले. कुणीतरी मागे सरायला हवं होतं.

"मरीज है भैया," दिनकरराव म्हणाले.

त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं. "इनको निकलने दो पहले," त्याने आपल्या लोकांना सांगितलं. त्यांनी तिरडी खांद्यांवरून वर उचलली आणि स्वतः भिंतीला चिकटून उभे राहिले. माझी खुर्ची तिच्या खालून गेली. झेंडूच्या फुलांतलं पाणी माझ्या कपाळावर पडलं. मला ते पुसता आलं नाही.

मोजणी

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. तिथले लोक चांगले होते आणि थकलेले होते. कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टरीण होती, निधी नावाची. तिने गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर, घोट्यावर, कोपरावर. काहीच हललं नाही. तिचा चेहरा बदललेला मी पाहिला.

"आंटी, लंबी साँस लीजिए और एक ही साँस में गिनती बोलिए. जहाँ तक बोल सकें."

मी एक, दोन, तीन सुरू केलं. ती म्हणाली, "मराठी में? कोई बात नहीं." वीसच्या पुढे गेले. थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारलं, तेव्हा चौदाला श्वास संपला. तिने मानेने हो हो केलं आणि कुणाला तरी फोन लावला.

पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं. मोठे डॉक्टर आले. माझ्याशी बोलले नाहीत, रेवाशी बोलले. शरीरच आपल्या नसांवर उलटलं आहे, इंजेक्शनं सुरू करू, पण वर चढतंय, श्वासाच्या स्नायूंपर्यंत गेलं तर मशीन लावावं लागेल. "पापा कहाँ हैं?" त्यांनी विचारलं. रेवा म्हणाली, "मस्कत." तिला अठरा पूर्ण होऊन तीन महिने झाले होते. कागदांवर सह्या तिनेच केल्या.

सकाळी मी सातपर्यंत मोजू शकले. निधी माझ्यापाशी वाकून म्हणाली, "आंटी, अब हम आपको सुला देंगे. डरिए मत." रेवाला आत बोलावलं. माझ्याकडे बोलायला एकदोन श्वास होते. मुलीला काय सांगावं? मी तिला म्हटलं, "माझी छत्री वहिनींकडे राहिली. घेऊन ये."

"हो आई," ती म्हणाली. "आणते."

त्यानंतर दोन महिन्यांहून जास्त काळ मला आवाज नव्हता.

आत

लोकांना वाटतं व्हेंटिलेटरवरचा माणूस बेशुद्ध असतो. मी सुरुवातीचे काही दिवस झोपेच्या औषधात होते. नंतर जागी होते. पूर्ण जागी. पायाच्या अंगठ्यापासून गालापर्यंत काही हलत नव्हतं. पापण्या थोड्या हलायच्या, त्याही नीट मिटायच्या नाहीत म्हणून डोळ्यांत मलम घालून पट्टी लावायचे. पट्टी लावली की अंधार आणि आवाज. मला सगळं ऐकू येत होतं.

हलत नाही म्हणजे दुखत नाही असं नसतं. चादरीची एक घडी पाठीखाली आली तर तार तापवून ठेवल्यासारखी वाटायची. पाय भाजत राहायचे. एकदा एक डास माझ्या वरच्या ओठावर बसला आणि पोट भरेपर्यंत बसला. हे वाचताना कुणाला किरकोळ वाटेल. मी त्या डासासाठी जितकी रडले तितकी वडील गेले तेव्हाही रडले नव्हते. आणि ते रडणंही आतच.

दिवस असा जायचा. पहाटे फिनाइलचा वास, मग एक्स-रेचं मशीन ढकलत आणायचे. गार पाट पाठीखाली. मग नळीतून छातीतला चिकटा ओढून काढायचे. त्या वेळी जीव जातो असं वाटतं, प्रत्येक वेळी, आणि दिवसातून कितीतरी वेळा. मग नाकातल्या नळीतून जेवण. मग कूस बदलणं. मग मोठ्या डॉक्टरांचा राउंड. ते माझ्या पायाशी उभे राहून विद्यार्थ्यांना माझ्याबद्दल सांगायचे. शेजारच्या पलंगावरची माणसं बदलायची. बाहेर नेताना चाकांचा आवाज कुठल्या दिशेला जातो त्यावरून मी ओळखायचे, बरी होऊन गेली की तशीच गेली.

चांगलं काही होतंच नाही असं नाही. सुनीता नावाच्या एक आया होत्या. त्या माझ्याशी बोलायच्या. "दीदी, आज करवट इधर. दीदी, आज बाल में कंघी कर दें?" गाझीपूरकडच्या होत्या. पुरामुळे त्यांच्या घरात पाणी शिरलं होतं, मुलं बहिणीकडे ठेवली होती. तेही मला सांगायच्या. ओला बोळा ओठांवरून फिरवायच्या, तेव्हा दोन-तीन थेंब जास्त ठेवायच्या. त्या पाण्याची चव मला आत्ताही आठवते. त्यांची ड्यूटी नसली की तो दिवस संपता संपायचा नाही.

मिलिंद

मिलिंद पोचला तोपर्यंत मी मशीनवर होते. विमानं रद्द होत होती, दिल्लीत तो अडकून पडला. तो आल्याचं मला त्याच्या बुटांच्या आवाजावरून कळलं. पलंगापाशी येऊन तो नुसता उभा राहिला. मग माझ्या पायाला हात लावला. पायाला का लावला कुणास ठाऊक, तो नेहमी खांद्याला लावतो.

रेवा आत आली. भेटायची वेळ दहा-पंधरा मिनिटांची असायची, आणि खरं तर एकालाच सोडायचे, पण त्या दिवशी दोघांना सोडलं.

"डॉक्टर काय म्हणाले?" त्याने विचारलं.

"इंजेक्शन्सचा कोर्स झाला. वाट बघायची म्हणाले."

"खाल्लं काय होतं तुम्ही?"

"बाबा, ते कशामुळे होतं ते नक्की सांगता येत नाही म्हणाले..."

"मी विचारतोय खाल्लं काय होतं."

रेवा म्हणाली, "चाट."

मिलिंद अगदी हळू म्हणाला, "तुझ्या एका हट्टापायी."

मी तिथून दोन हातांवर होते. माझ्या डोळ्यांना पट्टी होती. लस्सी मी मागितली होती, काशीला मी हो म्हटलं होतं, आणि खरं तर यातल्या कशानेच झालं नसेल, पाण्याच्या एका घोटाने झालं असेल, रस्त्यात पाय बुडाले त्याने झालं असेल. हे सगळं माझ्या तोंडाशी होतं आणि तोंडात नळी होती. रेवा बाहेर जाताना दाराचा आवाज झाला.

मिलिंद वाईट माणूस नाही. तो माझ्या उशाशी बसून नंतर रडला, तेही मी ऐकलं. पण ते वाक्य रेवाच्या आत गेलं ते गेलंच. पुढे, बोलता यायला लागल्यावर, मी तिला कितीदा समजावलं. ती म्हणते, "हो आई, मला माहितीये." पण तिचे डोळे दुसरीकडे असतात.

बाराखडी

गळ्याला भोक पाडून नळी तिथे हलवली तेव्हा डोळ्यांवरच्या पट्ट्या दिवसा काढायला लागले. पापणी मिटता येत होती. निधीनेच रेवाला सुचवलं, अक्षरांचा कागद बनवा. तुम्ही अक्षरावर बोट ठेवत जायचं, हवं ते आलं की आई डोळे मिटतील.

रेवा इंग्रजी शाळेत शिकलेली. मराठी तिला वाचता येतं, पण अक्षरांचा क्रम माहीत नाही. उषावहिनींनी मोठ्या पुठ्ठ्यावर मार्करने क, ख, ग, घ लिहून दिलं. खाली काना, मात्रा, वेलांटी, उकार. त्या पुठ्ठ्याने मला माणसांत आणलं. 'पाय सरळ' एवढं सांगायला पाव तास लागायचा. पण सांगता यायचं. 'चादर.' 'डास.' 'सुनीता कुठे.' रेवाला एकदा 'जेवलीस का' विचारलं तर ती पुठ्ठा तोंडावर धरून बराच वेळ उभी राहिली.

आता पुढचं. हे लिहू नये असं मिलिंदला वाटतं. पण ज्यांच्या घरी हे चाललं आहे त्यांना हे कुणी सांगत नाही.

एका दुपारी मोठ्या डॉक्टरांनी मला समोरासमोर सांगितलं. नसांच्या चाचण्या पुन्हा केल्या होत्या. "बहुत लोगों में नस के ऊपर का खोल ख़राब होता है, वो भर जाता है. आपके केस में अंदर का तार भी गया है. टाइम लगेगा. और कितना लौटेगा, मैं नहीं बोल सकता." ते सरळ बोलले याचं मला बरं वाटलं. ते गेल्यावर मी छताकडे बघत होते. मला कुठलीच भीती उरली नव्हती. मला फक्त हे थांबायला हवं होतं.

रेवा आली. पुठ्ठा घेतला. "बोल आई."

तिचं बोट फिरायला लागलं. म. मग ल, काना. 'मला' झालं. ती हसली, पुढे चालली. परत म. मग र. मग उकार. ऱ्हस्व-दीर्घ तिला कळायचं नाही, ती दोन्हींवर बोट ठेवायची. एकावर मी डोळे मिटले. पुढचं अक्षर 'द' होतं. तिचं बोट त, थ, द असं आलं, आणि मी डोळे मिटायच्या आतच थांबलं.

तिने पुठ्ठा खाली केला. माझ्याकडे बघितलं.

"आई," ती म्हणाली, "एवढं मराठी मला येत नाही."

पुठ्ठा तिने पलंगाखाली ठेवला आणि स्टुलावर बसून माझ्या हाताच्या एकेका बोटाला तेल लावलं. भेटीची वेळ संपली, सिस्टरने दोनदा हाक मारली, तरी तिचं चाललेलंच होतं. दुसऱ्या दिवशी पुठ्ठा घेऊन आली तेव्हा तिने आधीच सांगितलं, "फक्त हवं असेल ते सांग. पाणी, चादर, काहीपण."

मी तिला 'चादर' सांगितलं. चादर ठीक होती.

सीट

ऐकू येण्याचा एक तोटा असतो. लोक तुमच्यासमोर बोलतात. दिनकरराव दर रविवारी यायचे, कपाळाला अंगारा लावायचे. एकदा मिलिंदशी बोलताना म्हणाले, "मुलीची सीट गेली याचं मला फार दुःख झालं हो. मी गेलो होतो ऑफिसात, बोललो त्यांच्याशी. पण रिपोर्टिंगची तारीख निघून गेली होती. ते काय करणार?"

मिलिंद म्हणाला, "शुभांगीला सांगू नका."

मी तीन फुटांवर होते.

रेवाला हॉस्टेलची खोली मिळायची होती तो सोमवार मला आठवला. त्या दिवशी मला सातव्या आकड्यापर्यंत मोजता येत होतं की आधीच मशीन लागलं होतं, ते नीट लक्षात येत नाही. ती कॅज्युअल्टीच्या बाकावर होती एवढं नक्की. कुणालाही एक शब्द न बोलता तिने ते सोडून दिलं होतं.

पुणे

पूर ओसरला, देवदिवाळी झाली, थंडी पडली, तेव्हा मला पुण्याला हलवलं. मशीन सुटलं होतं, गळ्यातली नळी निघाली होती. आवाज आला तो कुजबुजल्यासारखा. निघताना उषावहिनी हॉस्पिटलात भेटायला आल्या. "संकठा आईला बोललेय मी. तुम्ही चालत याल," म्हणाल्या. मी हो म्हटलं. सुनीतांची त्या दिवशी सुट्टी होती, त्या भेटल्या नाहीत.

आता आम्ही सासूबाईंच्या फ्लॅटमध्ये राहतो. मिलिंद मस्कतला परत गेला. विमा त्याच्या नोकरीवर आहे, दुसरा इलाज नाही. रोज फिजिओथेरपिस्ट येतात. मान धरते. डावा हात तोंडापर्यंत येतो, चमचा पट्ट्याने बांधला तर थोडं सांडून खाता येतं. पायांत काही नाही. पुण्याचे न्यूरॉलॉजिस्ट मागच्या खेपेला म्हणाले, जे परत यायचं ते बहुतेक पहिल्या वर्ष-दीड वर्षात येतं. ते वर्ष-दीड वर्ष संपलं आहे. ते त्यांनी म्हटलं नाही, मीच मोजलं.

रेवा घरूनच बी.कॉम. करते. सकाळी बाई येऊन मला अंघोळ घालतात, त्या आल्या नाहीत तर रेवा घालते. तबल्याची कव्हरं कपाटावर आहेत. मी विषय काढला की ती म्हणते, "बघू गं." या वर्षीही विद्यापीठाचे फॉर्म निघाले. मी तिला सांगितलं, भर. हट्ट केला, भांडले, जेवण नाकारलं. ती म्हणाली, "तुला तिथल्या पावसात परत घेऊन जाऊ का मी?" मी म्हटलं, मला कशाला न्यायचंय, तू जा. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि कुकर लावला.

यातून काय शिकले असं कुणी विचारतं. काही नाही. आयसीयूत रुग्णासमोर जपून बोला, त्यांच्या ओठांना पाणी लावा, अक्षरांचा पुठ्ठा पहिल्या आठवड्यातच करा. माझ्याकडे सांगायला एवढंच आहे.

नांदेडचा फोन

मागच्या महिन्यात एका ओळखीच्यांनी माझा नंबर कुणाला तरी दिला. नांदेडहून एका गृहस्थांचा फोन आला. शाळेत शिपाई आहेत. बायकोला जीबीएस, वय एकतीस, व्हेंटिलेटरवर. दोन लहान मुलं. त्यांचा आवाज घोगरा होता, कॉरिडॉरमधला आवाज मागे येत होता.

"ताई, बरं होतं ना हे?" त्यांनी विचारलं.

पुष्कळांचं होतं. ते खरं आहे, आणि मी ते सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही चालता ना आता?"

मी म्हटलं, "नाही."

मला वाटलं ते फोन ठेवतील. ते म्हणाले, "मला सोडतील आत्ता आत पाच मिनिटं. तुम्ही बोलता का तिच्याशी? तिला काही समजत नाही म्हणतात इथं."

"समजतं," मी म्हटलं. "कानाला लावा."

दाराचा आवाज झाला. मग तो आवाज आला, मशीनचा, आत आणि बाहेर, आत आणि बाहेर. त्यांनी फोन तिच्या कानाशी धरला असावा, कारण आवाज एकदम जवळ आला, माझ्याच छातीतून आल्यासारखा. मला तिचं नाव विचारायचं राहून गेलं होतं.

"बाई, मी शुभांगी," मी म्हटलं. "मला झालं होतं हे. तुझे मालक शेजारी उभे आहेत. मुलं ठीक आहेत, ते मला म्हणाले. आज गुरुवार आहे. सकाळचे अकरा वाजलेत. बाहेर ऊन आहे."

तू बरी होशील, हे तोंडातून निघालं नाही. म्हणून मी फोन तसाच सुरू राहू दिला आणि तिच्याबरोबर तो आवाज ऐकत राहिले, ते गृहस्थ फोन परत घेऊन "झालं ताई" म्हणेपर्यंत.

नंतर त्यांचा फोन आला नाही. मीही केलेला नाही.